बॅरन बेटाचा ज्वालामुखी : गोव्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये भूशास्त्रावर बोलण्याचा प्रसंग आला की शेवटी प्रश्न ज्वालामुखीकडेच वळतात, आणि तेही बहुधा त्याच क्रमाने. येथे ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत. केंद्रस्थानी अंदमान समुद्रातील बॅरन बेट आहे, कारण भारताच्या हद्दीत खात्रीने जागृत म्हणता येईल असा ज्वालामुखी तेवढाच आहे. गोव्याच्या स्वतःच्या खडकांविषयीचे प्रश्नही टाळलेले नाहीत, कारण विचारणाऱ्यांना खरी उत्सुकता अनेकदा त्यांचीच असते.

हा ज्वालामुखी नेमका कुठे आहे?

अंदमान द्वीपसमूहाच्या पूर्वेला, पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटर अंतरावर बॅरन बेट आहे. पणजीहून सरळ रेषा ओढली तर ते जवळपास २,२०० किलोमीटर दूर भरते आणि मध्ये संपूर्ण द्वीपकल्प व बंगालचा उपसागर येतो. बेट लहान आहे. त्याची रुंदी जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि त्यावर मनुष्यवस्ती नाही. ‘बॅरन’ म्हणजे ओसाड. मात्र हे नाव अर्धेच खरे आहे, कारण बेटाच्या जुन्या, बाहेरच्या उतारांवर दाट झाडी आहे आणि ओसाड आहे तो आतला, लाव्हा व राखेने भरलेला भाग.

‘जागृत’, ‘सुप्त’ आणि ‘मृत’ हे कोण ठरवते?

या तीन शब्दांना काटेकोर सीमारेषा नाही. शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळात, म्हणजे साधारण गेल्या ११,७०० वर्षांत ज्याचा उद्रेक झाला, त्या ज्वालामुखीला जागृत मानण्याची पद्धत रूढ आहे. सध्या शांत असला तरी पुन्हा उद्रेकाची शक्यता शिल्लक असलेल्याला सुप्त म्हणतात आणि ज्याचा शिलारसाचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा, पुरवठाच तुटला आहे त्याला मृत. माणसाच्या आठवणीत दोनशे वर्षे म्हणजे फार मोठा काळ. ज्वालामुखीच्या आयुष्यात ती डुलकीही ठरत नाही. बॅरन बेटाने हे प्रत्यक्ष दाखवून दिले, आणि ते कसे, हे पुढे उद्रेकांच्या इतिहासात येईलच.

जाता जाता एक खुलासा करतो, कारण हा प्रश्नही हमखास येतो. हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी देवीच्या मंदिरातील ज्योत हा भूशास्त्रीय अर्थाने ज्वालामुखी नव्हे. तेथे खडकांतून निघणारा नैसर्गिक वायू जळतो.

भर समुद्रात आग कशी? पाण्याने ती विझत का नाही?

प्रश्नातच एक गैरसमज आहे. ज्वालामुखीत काही जळत नसते, त्यामुळे विझण्याचाही प्रश्न येत नाही. बाहेर पडतो तो वितळलेला खडक, आणि बेसाल्टी लाव्हाचे तापमान साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. पाणी त्याचा पृष्ठभाग क्षणात गोठवते, पण आतून येणारा पुरवठा थांबवू शकत नाही.

खडक वितळतो कशामुळे, हे समजण्यासाठी अंदमानच्या पश्चिमेच्या खोल सागरी खंदकापासून सुरुवात करावी लागते. तेथे भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) पूर्वेकडील लहानशा बर्मा भूपट्टाखाली तिरकस सरकत जातो. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षे राहिलेल्या या पट्टात पाणी मुरलेले असते. त्यातील बरेचसे तर खनिजांच्या रचनेतच बांधलेले असते. पट्ट साधारण शंभर किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचला की दाब आणि उष्णता यांमुळे हे पाणी सुटते व वरच्या प्रावरणातील, म्हणजे कवचाखालच्या थरातील, तप्त खडकात शिरते. पाणी मिसळले की खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. मासळीच्या पेटीतल्या बर्फावर मीठ टाकले की बर्फ शून्याखालीही पाझरू लागतो, हे आपल्याकडे बंदरावर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तत्त्व तेच. म्हणजे या ज्वालामुखीच्या बाबतीत पाणी हे आग विझवणारे नसून ती पेटवणारे आहे, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

असा तयार झालेला शिलारस आसपासच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो आणि खंदकाला साधारण समांतर अशी ज्वालामुखींची कमान उभी राहते. याच कमानीवर उत्तरेला म्यानमारमधील पोपा, मध्ये नारकोंडम व बॅरन आणि दक्षिणेला सुमात्रातील ज्वालामुखींची लांबलचक रांग आहे.

समुद्रावर दिसणारे बेट हाच संपूर्ण ज्वालामुखी का?

मुळीच नाही. बेटाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३५४ मीटर आहे, पण ज्वालामुखीचा पायथा सुमारे २,२५० मीटर खोल समुद्रतळावर आहे. म्हणजे तळापासून शिखरापर्यंत हा डोंगर २,६०० मीटरच्या आसपास भरतो आणि कळसूबाईपेक्षा तो साडेनऊशे मीटरने उंच ठरतो. त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असल्याने त्याच्या घडणीचा बहुतेक इतिहासही पाण्याखालीच आहे. पाण्यावर दिसणाऱ्या भागातील सर्वांत जुन्या लाव्हाचे वय सुमारे १६ लाख वर्षे असल्याचे खडकातील आर्गॉन वायू मोजून वय ठरवण्याच्या पद्धतीतून समोर आले. पाण्याखालचा भाग त्याहून जुना असणार हे उघड आहे.

बेटाची रचना कशी आहे?

कड मोडलेली कढई डोळ्यांसमोर आणावी. बाहेरची जुनी भिंत जवळपास वर्तुळाकार असून तिच्या आत सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे महाकुंड आहे. भिंतीची उंची २५० ते ३५० मीटर आहे. पश्चिमेला ही भिंत तुटलेली असून त्या खिंडीतून समुद्र आणि कुंडाचा आतला भाग जोडले गेले आहेत. कुंडाच्या मधोमध राख, खडी आणि लाव्हाच्या तुकड्यांचा शंकू आहे. अलीकडचे उद्रेक याच शंकूतून झाले आहेत, आणि प्रत्येक मोठ्या उद्रेकात त्याचा आकार व उंची बदलत गेली आहे.

महाकुंड कसे तयार झाले? प्राचीन काळी एका मोठ्या स्फोटक उद्रेकात ज्वालामुखीचा माथा नष्ट झाला असावा, हे सर्वसाधारण मत आहे. जुन्या भिंतीत त्या काळातील तप्त राख-वायूच्या लोटांनी टाकलेले थर दिसतात. आजच्या सौम्य वाटणाऱ्या उद्रेकांवरून या ज्वालामुखीच्या ताकदीचा अंदाज बांधू नये, ते याच भिंतीमुळे.

शंकूतून निघालेला लाव्हा कुंडाचा तळ भरत पश्चिमेच्या खिंडीतून वाहतो आणि समुद्राला मिळतो. त्याचा पृष्ठभाग धारदार, खडबडीत ढेकळांचा असतो. हवाईतील लोकांच्या भाषेतून आलेला ‘आआ’ हा शब्द अशा लाव्हासाठी जगभर वापरतात. अनवाणी चालल्यास तोंडून जो उद्गार निघेल त्याला तो शोभतो खरा.

या ज्वालामुखीच्या उद्रेकांचा लेखी इतिहास कधीपासून मिळतो?

लेखी नोंदी अठराव्या शतकाच्या शेवटापासून आहेत आणि त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जहाजावरून केलेल्या आहेत. १७८७ मध्ये बेटावरून धुराचा स्तंभ उठताना दिसल्याची नोंद आहे. १७८९ मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्यांच्या नावावरून पुढे पोर्ट ब्लेअर हे नाव पडले, बेटाजवळून गेले. त्यांच्या वर्णनात जोराचा उद्रेक, धुराचे लोट, लालबुंद दगडांचा वर्षाव आणि तीन-चार टन वजनाचे दगड उडाल्याचा उल्लेख येतो. पुढे १७९५ मध्ये आणि १८०३–०४ मध्येही उद्रेक झाले. १८३२ च्या सुमारास बेटाला भेट देणाऱ्यांनी धूर आणि धग यांची नोंद केली. त्यानंतर मात्र नोंदींचा सूर बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्यांना शंकूच्या माथ्यावर वाफ आणि गंधकाचे थर दिसले, किनाऱ्यावर खिंडीजवळ पाणी कढत लागले, पण उद्रेक दिसला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील एफ. आर. मॅलेट यांनी १८८४ मध्ये बेटाची पाहणी करून पुढच्या वर्षी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आजही अभ्यासकांना तुलनेसाठी त्या वर्णनाकडे परतावे लागते, कारण शांत अवस्थेतील शंकूचे इतके बारकाईने केलेले दुसरे चित्र नाही.

१८३२ नंतरच्या सुमारे दीडशे वर्षांच्या शांततेचा हिशेब मार्च १९९१ च्या अखेरीस संपला. उद्रेक ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने चालला. लाव्हाने पश्चिमेची खिंड गाठून समुद्रात प्रवेश केला, आणि ज्याला अनेक जण सुप्त म्हणत होते, काही तर मृतही, तो ज्वालामुखी पुन्हा जागृतांच्या यादीत आला. डिसेंबर १९९४ ते जून १९९५ मध्ये दुसरा उद्रेक झाला. मे २००५ मध्ये सुरू झालेले सत्र तर अधूनमधून खंड पडत आजपर्यंत चालू आहे असेच म्हणावे लागते. २००८ ते २०१०, २०१३, २०१७, २०१८ अशी नोंदींची मालिका आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १३ व २० तारखेला दोन सौम्य उद्रेक झाले. गेल्या तीन दशकांत हा ज्वालामुखी जितका सक्रिय आहे तितका लेखी इतिहासात आधी कधी दिसत नाही. मात्र आधीच्या काळात तिथून जाणारी जहाजे कमी होती, आकाशातून पाहणारे उपग्रह नव्हते, आणि न पाहिलेला उद्रेक नोंदीत येत नाही, हे विसरून निष्कर्ष काढू नये.

लेखी नोंदींपूर्वीचे उद्रेक कसे कळतात?

मला स्वतःला या विषयातील हा भाग सर्वांत रंजक वाटतो. हवेत उडालेली राख वाऱ्याबरोबर जाते, समुद्रात पडते आणि तळाच्या गाळात थर होऊन बसते. त्यावर पुढे सूक्ष्म सागरी जीवांचे कवच असलेला गाळ साचत जातो. जहाजावरून लांब पोकळ नळी तळात रुतवून गाळाचा स्तंभ काढला, तर त्यात करड्या गाळाच्या मध्येमध्ये राखेचे काळे पट्टे दिसतात. वरखालच्या कवचांमधील कार्बनवरून पट्ट्याचे वय ठरवता येते. राखेच्या रसायनावरून ती कोणत्या ज्वालामुखीची, हेही ओळखता येते. बॅरनच्या आग्नेयेला काढलेल्या अशा एका गाळाच्या स्तंभात गेल्या सुमारे ७० हजार वर्षांतील उद्रेकांच्या राखेचे थर सापडले आहेत. ब्लेअर यांनी पाहिलेला उद्रेक त्या लांबलचक बखरीच्या शेवटच्या ओळीत बसतो.

याच प्रकारच्या अभ्यासाचे एक उदाहरण आपल्याही जवळचे आहे. सुमात्रातील तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महाभयंकर उद्रेक झाला आणि त्याची राख भारतीय द्वीपकल्पभर पडली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे राखेचा थर सापडला. त्याच्या वयाबद्दल बराच वाद झाला, पण तो तोबाच्या राखेचा असल्याचे मत आता बहुतेकांना मान्य आहे. फोंडा तालुक्यातील बोरी ती ही नव्हे, हे गोव्यात दर वेळी सांगावे लागते.

गोव्यातील शास्त्रज्ञांनी बॅरनचा उद्रेक प्रत्यक्ष पाहिला, हे खरे आहे का?

होय. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा गट २३ जानेवारी २०१७ रोजी ‘सिंधु संकल्प’ या संशोधन जहाजावरून अंदमान समुद्रात तळाचे नमुने गोळा करत होता. अभय मुधोळकर हे गटाचे प्रमुख होते. दुपारी ज्वालामुखीने अचानक राख फेकायला सुरुवात केली. जहाज बेटापासून सुमारे एका मैलावर नेण्यात आले आणि तेथून निरीक्षण सुरू झाले. प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटे उद्रेक व्हायचा, मग तो ओसरायचा. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर मात्र मुखातून उडणारी लाव्हाची लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारे तप्त ओघळ दिसू लागले. बी. नागेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात २६ जानेवारीच्या पहाटे जहाज पुन्हा तेथे गेले, तेव्हाही स्फोट आणि धूर चालूच होते. आसपासच्या पाण्याचे व गाळाचे नमुने घेतले असता कोळशासारखे काळे, ज्वालामुखीतून उडालेले तुकडे हाती आले.

दिवसा राख आणि रात्री लाव्हा, हा फरक उद्रेकातला नसून आपल्या डोळ्यांचा आहे. लाव्हा दिवसाही तितकाच तप्त असतो. उन्हात त्याची लाली दिसत नाही, इतकेच.

हा उद्रेक कोणत्या प्रकारचा मानतात?

बॅरनचे अलीकडचे बहुतेक उद्रेक ‘स्ट्रॉम्बोली’ प्रकारचे आहेत. शिलारस फार घट्ट नसतो, त्यातील वायूचे मोठे बुडबुडे नळीतून वर येऊन फुटतात आणि दर काही मिनिटांनी तप्त खडीचा फवारा उडतो. भाताच्या पेजेला उकळी फुटताना जे होते, त्याचे हे अजस्र रूप. प्रकाराचे नाव इटलीच्या दक्षिणेकडील स्ट्रॉम्बोली बेटावरून आले. ते बेट शतकानुशतके असेच फवारे उडवत असल्याने ‘भूमध्य समुद्राचे दीपगृह’ म्हणून ओळखले जाते. गोव्यातील कित्येक तारवटींनी, म्हणजे जहाजांवरच्या खलाशांनी, मेसिनाच्या सामुद्रधुनीकडे जाता-येता ते रात्री पाहिलेले असते. एका वयोवृद्ध तारवटींनी व्याख्यानानंतर मला केलेले वर्णन इतके नेमके होते, की त्या विषयावर मी आणखी काही बोलण्याची गरज उरली नव्हती.

बॅरनचा लाव्हा रासायनिक दृष्ट्या बेसाल्ट आणि बेसाल्टी अँडेसाइट या जातीचा आहे. त्यात प्लेजिओक्लेज फेल्स्पारचे ठळक पांढरे स्फटिक असतात आणि हिरवट ऑलिव्हिनचे कणही दिसतात.

२००४ च्या भूकंपामुळे हा ज्वालामुखी जागा झाला का?

तो १९९१ मध्येच जागा झाला होता, त्यामुळे ‘जागा झाला’ हे शब्द बरोबर नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या ९.१ तीव्रतेच्या भूकंपानंतर पाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये उद्रेक सुरू झाला. मोठ्या भूकंपाने कवचातील ताण बदलतो आणि उद्रेकाला तयार असलेल्या ज्वालामुखीला धक्का मिळू शकतो, हे तत्त्वतः मान्य आहे. मात्र शिलारस आधीच भरलेला नसेल, तर भूकंप तो निर्माण करू शकत नाही. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असे ठामपणे म्हणण्यास मी तयार नाही.

अंदमानातील बाराटांगला आम्ही ‘ज्वालामुखी’ पाहिला होता. तो कोणता?

तो चिखलाचा ज्वालामुखी आहे. जमिनीखालच्या गाळातील वायू व पाणी दाबामुळे वर येताना थंड चिखल बाहेर टाकतात. त्यात शिलारसाचा संबंध नसतो. सहलीच्या छायाचित्रांखाली ‘भारतातील एकमेव ज्वालामुखी’ असे लिहिणाऱ्यांनी ते दुरुस्त करावे.

नारकोंडम मात्र खरा ज्वालामुखी आहे. बॅरनच्या उत्तरेला साधारण १३० किलोमीटरवरचे हे ७१० मीटर उंचीचे बेट सुप्त मानले जाते. जगात फक्त तेथेच आढळणाऱ्या नारकोंडम धनेशामुळे पक्षिप्रेमींना ते ठाऊक असते.

गोव्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. मग तो लाव्हाच ना?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि तो विचारण्यात काही चूक नाही, कारण छिद्रे पाहून कोणालाही तसे वाटेल. लाव्हातील छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची असतात. ती साधारण गोल किंवा लांबट आणि आतून गुळगुळीत असतात. जांभ्यातील पोकळ्या वेड्यावाकड्या, नळ्यांसारख्या, एकमेकींत शिरलेल्या असतात. कडक ऊन आणि मुसळधार पाऊस यांच्या आलटून-पालटून माऱ्याने मूळ खडकातील विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, तोच जांभा. मूळ खडक बेसाल्ट असो, शिस्ट असो वा ग्रॅनाइट, लाखो वर्षांच्या पावसाने वरचा थर जांभाच होतो. त्यामुळे सडे (जांभ्याची उघडी पठारे) पाहून खाली कोणता खडक आहे हे वरून सांगता येत नाही, त्यासाठी विहीर किंवा खाण पाहावी लागते.

ओला असताना तो सहज चिरता येतो आणि हवेत घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे घरांचे चिरे त्याचेच. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळमधील अंगाडीपुरम येथील दगडावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेच्या बाहेरच्या भिंतीचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला गेल्याने तेथे जांभा उघडा दिसतो. त्या भिंतीजवळ पाच मिनिटे उभे राहून छिद्रांचा आकार पाहिला, तर वरील फरक कोणत्याही वर्णनापेक्षा चांगला समजेल.

गोव्यात कधी ज्वालामुखी होते का?

होते, पण त्यांचा डोंगर आज कोठेही दाखवता येणार नाही. गोव्याचे बहुतेक खडक धारवाड काळातील, म्हणजे अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांची ‘गोवा गट’ म्हणून विभागणी करतात. त्यातील तळाकडचा थर केपे तालुक्यातील बार्से गावाच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात रूपांतरित झालेले प्राचीन लाव्हा आहेत. दाब, उष्णता आणि वळ्या यांनी ते इतके बदलले आहेत, की हिरवट शिस्ट हातात घेऊन हा एकेकाळचा वाहता लाव्हा होता हे नवख्याला पटणे कठीण.

दुसरा ज्वालामुखी अध्याय फार नंतरचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचे बेसाल्ट लांबच लांब भेगांतून थरावर थर ओतले गेले आणि महाराष्ट्राचा सह्याद्री त्यातून कोरला गेला. गोव्यात या बेसाल्टची फक्त कड पोहोचते, ती ईशान्येला सत्तरीच्या बाजूला. अंबोलीचे कडे आणि गोव्याचे घाट एकाच सह्याद्रीचे असले, तरी खडक एक नाहीत.

लाव्हाच्या त्या महापुराचा उगम पृथ्वीच्या खोल भागातून वर येणाऱ्या एका उष्ण स्रोतात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, स्रोत जागीच राहिला, आणि लक्षद्वीप, चागोस, मॉरिशस अशी ज्वालामुखी खुणांची माळ मागे पडली. आज तो स्रोत हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा जगातील अतिशय सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून त्याचा लाव्हा अनेकदा थेट समुद्रात उतरतो, उदाहरणार्थ एप्रिल २००७ मध्ये. आपल्या सह्याद्रीचा जिवंत नातलग शोधायचा असेल, तर तो बॅरन नसून हा आहे.

कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे खाली शिलारस आहे का?

नाही. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्यासारखे झरे पावसाच्या पाण्याचेच आहेत. ते भेगांतून खूप खोल जाते, खोलीनुसार वाढणाऱ्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते.

बॅरनच्या उद्रेकाने गोव्याच्या किनाऱ्याला त्सुनामीचा धोका आहे का?

समुद्रातील ज्वालामुखीचा कडा कोसळून त्सुनामी येऊ शकते. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे मेली. अशा लाटा उगमाजवळ अतिशय घातक असतात, पण दूर जाताना लवकर क्षीण होतात. बॅरन आणि गोवा यांच्यामध्ये तर अख्खे द्वीपकल्प आहे.

गोव्याने लक्ष ठेवायचे ते भूकंपजन्य त्सुनामींवर. २००४ ची लाट द्वीपकल्पाला वळसा घालून आली आणि मुरगाव बंदरातील भरतीमापकावर तिची नोंद झाली, पण येथे ती लहान होती. अरबी समुद्रातला मुख्य स्रोत आहे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळील मकरान. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटांनी मुंबईतही बळी घेतले. २००७ पासून हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून दोन्ही समुद्रांसाठी इशारे दिले जातात.

राखेमुळे मोपा किंवा दाबोळीची विमाने अडकू शकतात का?

बॅरनच्या आजच्या लहान उद्रेकांमुळे ही शक्यता नगण्य आहे. त्यांचा राखेचा स्तंभ सहसा काही किलोमीटरपलीकडे चढत नाही. अंदमान समुद्रावरील राखेबद्दलचे इशारे ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्र वैमानिकांना देते. मात्र राख खरोखर किती दूर जाऊ शकते, ते २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हेली गुब्बीच्या उद्रेकाने दाखवले. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी वायव्य भारताच्या आकाशात पोहोचली आणि काही विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसून काचेचा चुरा असते, आणि इंजिनच्या उष्णतेने ती वितळून आतल्या पात्यांवर पुन्हा गोठते.

बेटावर उतरता येते का? तेथे काही जगते का?

बेट अभयारण्य आहे. परवानगी घेऊन बोटीने जवळ जाता येते, आणि सभोवतालच्या स्वच्छ पाण्यात पाण्याखाली बुडी मारण्याचा छंद असणारे जातात, पण पर्यटकांना उतरू दिले जात नाही. जुन्या उतारांवरच्या झाडीत पक्षी व वटवाघळे आहेत. बकऱ्याही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजावरून सोडलेल्या बकऱ्यांचे हे वंशज १९९१ च्या आणि त्यानंतरच्या उद्रेकांतूनही टिकून राहिले. ओसाड बेटावर त्या पितात काय, असा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. आग्नेय बाजूला, शंकूपासून दूर, गोड्या पाण्याचे झरे सापडले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले.